आवाज कमी करू नको बे

‘सर, इथं आवाज खराब आलाय. काढून टाकू का?’

उन्हाळ्याची दुपार, सोलापूरचं ऊन आणि खोलीतला पंखा बंद. त्याच्या घरघरीत लॅपटॉपवरचं ऐकू येत नव्हतं. कॉलेजातल्या तीन पोरांनी कडक भाकरीवर नऊ मिनिटांचा विनोदी माहितीपट केला होता, सगळा मोबाइलवर. या जिल्ह्यात पोरांनी कॅमेरा धरला की नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाचं नाव निघतंच, तोही त्यांनी नगरला शिकत असताना केलेला. या तिघांना मात्र कुणाला रडवायचं नव्हतं.

खराब आवाजाचा तो शॉट असा. मावशी गंभीरपणे सांगतायत, पातळ भाकरी भाजून झाली की मंद आचेवर पार पाणी आटेपर्यंत शेकायची, मग महिनाभर बघायला नको. शेजारी यजमान शेंगा चटणी घेऊन बसलेत. काडकन! मावशींच्या पदराला लावलेल्या माइकनं तो घास पुरेपूर टिपलाय. मावशी थांबतात, नवऱ्याकडे बघतात, पुन्हा सुरू करतात. काडकन! तिसऱ्या वेळी काका भाकरी तोंडाशी नेतात आणि तशीच धरून ठेवतात, बायकोचं वाक्य संपायची वाट बघत. मावशींचं वाक्य काही संपत नाही. शेवटी काका तुकडा जिभेवर ठेवून तोंड मिटतात. भिजवतायत!

मी दोनदा मागं नेऊन पाहिला. हसू येतं ते तिसऱ्या वेळी, आवाज न आल्यामुळे. पहिले दोन काडकन नुसती उधारी. वसुली इथं होते. दुसरं म्हणजे दोघंही एकाच चौकटीत आहेत. काकांच्या तोंडाचा क्लोजअप मध्ये घातला असता तर चटणीची जाहिरात झाली असती. कॅमेरा स्टुलावर ठेवून पोरगं बाहेर चहा प्यायला गेलं होतं, म्हणून शॉट हलला नाही. असे योग नशिबानं येतात. ते ओळखायला मात्र संकलक लागतो.

‘आवाज कमी करू नको बे,’ संकलन करणाऱ्याला त्याच्याच मित्रानं दटावलं. माझं काम वाचलं.

पहिल्या कच्च्या प्रतीत दर विनोदावर ‘टॉइंग’ होतं, रील्समध्ये असतं तसं. ते उडवल्यावर फिल्म निम्मी शहाणी झाली. निवेदनही आधी खिदळत होतं. मी त्यांना बीबीसीच्या ‘पॅनोरमा’तला १ एप्रिल १९५७चा तुकडा दाखवला: झाडावरून स्पॅगेटी तोडणारं स्विस कुटुंब, आणि वर रिचर्ड डिम्बलबींचा अगदी बातमीचा आवाज. मग पोरांनी नवं निवेदन केलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाक्य आता राष्ट्रगीताच्या गांभीर्यानं येतं आणि पडद्यावर काकांना प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सुटत नाही.

एका जागी मात्र मी अडलो. मावशी भाकऱ्या मोजतात, ओंदु, एरडु, मूरु. आणि पोरांनी खाली पट्टी टाकली होती, ‘सिग्नल गेला’. घरी कानडी, बाजारात मराठी, पूर्व भागात तेलुगू, अशा गावातली ही पोरं! फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’मध्ये यंत्रमागांच्या गावात सुपरमॅन बनवणारी माणसं दिसतात, सायकलीवर कॅमेरा चालवतात, आपण पोट धरून हसतो; पण त्यांना काय साधायचंय हे दिग्दर्शिकेनं आधी पटवलेलं असतं. इथं मावशी नुसत्या मोजत होत्या.

संकलन करणाऱ्याला मी एवढंच विचारलं, ‘ही पट्टी मावशींना दाखवशील?’

तो गप्प बसला. मग त्यानं मूळ फुटेज उघडलं. त्यात त्याचाच प्रश्न होता, बावीस सेकंदांचा: ‘म्हणजे मावशी, भाकरी जी आहे, ती म्हणजे, आपल्या संस्कृतीच्या दृष्टीनं, म्हणजे काय की…’ मावशींचं उत्तर एका शब्दाचं: ‘काय?’

पट्टी त्यानं उचलून तिथं टाकली, स्वतःच्या प्रश्नाखाली. मग उठून पंखा लावला.