नववीनंतरची चार वर्षं

पुण्याच्या बाल न्याय मंडळात मी विधी सेवेतर्फे मुलांची बाजू मांडते. नवी फाईल हातात आली की आतला मजकूर बहुतेक वेळा आधीच कळून चुकतो. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, जखमी झालेलाही त्याच वयाचा, हत्यार कोयता. भांडणाचं कारण अर्ध्या ओळीत मावतं : ‘खुन्नसनं बघितलं’, ‘स्टेटसला भाईबद्दल लिहिलं’, ‘आमच्या एरियात आला’.

वर्तमानपत्रं याला ‘कोयता गँग’ म्हणतात. गँग म्हटलं की माझ्या पिढीला १९९० च्या दशकातली मुंबई आठवते. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते दत्ता सामंत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना गोळ्या घालून मारलं गेलं. त्या हत्या कुणीतरी ठरवलेल्या, पैसे मोजून घडवलेल्या होत्या. मागे खंडणीचा, जमिनीचा हिशेब असायचा. १९९९ मध्ये राज्यानं मोक्का कायदा केला तो अशा टोळ्यांसाठी. माझ्यासमोर बसलेल्या मुलामागे असा हिशेब क्वचितच सापडतो.

देशाचे आकडे पाहिले तर खुनांचं प्रमाण वाढलेलं नाही, उलट घटलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला चाराहून अधिक खून नोंदवले जात. २०२२ मध्ये हे प्रमाण २.१ होतं. त्या वर्षी देशात नोंद झालेल्या २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ खुनांचं कारण ‘वाद’ असं लिहिलं आहे. आर्थिक लाभासाठी झालेले खून दोन हजारांहूनही कमी.

तरी लोकांची भीती खोटी आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पूर्वीच्या टोळीला विशिष्ट माणूस हवा असायचा. आताची पोरं दहशत बसवायला रात्री गल्लीतल्या रिक्षा आणि दुचाकी फोडत जातात. ज्याची रिक्षा फुटते त्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो. त्याचा दुसऱ्या दिवशीचा धंदा मात्र बुडतो.

कोयता ऊस तोडायचा, नारळ सोलायचा. निव्वळ शेती आणि घरकामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे नुसता कोयता सापडला तर कोर्टात वाद घालायला जागा उरते. २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगितलं. पण घरातच असलेल्या कोयत्याला आधार कार्ड कोण विचारणार?

मग लोक म्हणतात, वय कमी करा, मोठ्यांसारखी शिक्षा द्या. २०१५ च्या कायद्यानुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलाचा खटला निर्घृण गुन्ह्यात, म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, मोठ्यांप्रमाणे चालू शकतो. खून त्यात बसतो. खुनाच्या प्रयत्नाला मात्र अशी किमान शिक्षा ठरलेली नाही, म्हणून २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो त्यात बसत नाही. एरवी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. हे गणित मुलाला ठाऊक नसतं. त्याच्या हातात कोयता देणाऱ्या पंचविशीतल्या ‘भाई’ला ते पक्कं ठाऊक असतं, आणि मला राग येतो तो त्या भाईचा.

एका आईचं बोलणं मनातून जात नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. म्हणाली, “ताई, नववीत नापास झाला तेव्हा शाळेनं दाखला हातात दिला. म्हणाले, दहावीचा निकाल खराब होतो. कामाला लावायला गेले तर सगळे म्हणतात अठरा पूर्ण होऊ दे. मग तो दिवसभर चौकातच.” तिनं सांगितलं त्यात कायद्याची अख्खी फट आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. धोकादायक कामावर अठरापर्यंत बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. डिलिव्हरीचं काम करायला गाडीचा परवाना लागतो, तोही अठराला. मधली चार वर्षं पोरगा कुणाच्याच खात्यावर नाही. तिथे त्याला ‘ये रे’ म्हणणारा एकच असतो, तो चौकातला भाई. त्यात २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सातवी-आठवीत मोबाईलवर शाळा केलेली मुलं २०२२ ते २०२४ दरम्यान सोळाची झाली. हे एकमेव कारण नव्हे, पण माझ्या कितीतरी फायलींतल्या मुलांची शाळा सुटली ती त्याच काळात.

पोलिसांनी आरोपींची धिंड काढली की लोक टाळ्या वाजवतात. तीच धिंड गाणं लावून रील म्हणून फिरते आणि पोराला हवं असलेलं नाव मिळतं. ती थांबवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या वाड्यात, वस्तीत, मंडळात शाळा सुटलेला एखादा मुलगा असेल तर त्याला सांगा, फॉर्म नंबर १७ भरून दहावीला बाहेरून बसता येतं. आयटीआयमध्ये दहावी नापासांसाठीही काही ट्रेड आहेत. फॉर्मची मुदत चुकवू नका, आणि शक्यतो त्याच्यासोबत स्वतः जा.