प्रारंभिक शर्यत-खेळांतील त्रिमितीचा आभास : यथार्थदर्शनाचे गणित आणि यंत्राच्या मर्यादा

प्रस्तावना :
व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयीन चर्चेत बहुधा करमणूक किंवा व्यसन या दोनच अंगांनी येतो. त्यामागील भूमितीकडे सहसा लक्ष जात नाही. १९७६ ते १९९२ या काळातील मोटार-शर्यतीचे खेळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. या खेळांत रस्ता क्षितिजापर्यंत निमुळता होत जाताना दिसे, कडेची झाडे मोठी होत अंगावर येत. परंतु यंत्राच्या स्मृतीत लांबी, रुंदी व उंची असलेला रस्ता साठवलेला नसे. म्हणून या तंत्रांना 'छद्म-त्रिमितीय' असे संबोधले जाते. 'छद्म' हे विशेषण कितपत सार्थ आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्राची मर्यादा :
अटारी कंपनीच्या १९७६ मधील 'नाइट ड्रायव्हर' या खेळात रस्ता काढलेलाच नव्हता. काळ्या पडद्यावर दोन्ही कडांचे पांढरे खांब जवळ येताना मोठे होत आणि त्यांवरून खेळाडू रस्त्याची कल्पना करी. खेळाडूची गाडी तर पडद्यावर लावलेले छापील चित्र होते. रात्रीची वेळ निवडल्यामुळे उरलेले सारे दृश्य न काढण्याची सोय झाली.

दिवसाचा, पूर्ण रंगवलेला रस्ता दाखवायचा झाल्यास गणिताचा भार किती वाढतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३२० × २२४ पिक्सेलच्या पडद्यावर ७१,६८० ठिपके असतात. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे अंतर काढण्यास एक भागाकार लागतो, आणि त्या काळच्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर एका भागाकारास १४० पर्यंत स्पंद लागत. हा हिशेब सेकंदाला ६० कोटी स्पंदांवर जातो. प्रत्यक्षात त्या प्रोसेसरची गती सेकंदाला सुमारे एक कोटी स्पंद इतकीच होती.

आडव्या रेषेचे रहस्य :
या अडचणीवरील उपाय भूमितीतच दडलेला होता. पाहणाऱ्याचा डोळा सपाट जमिनीपासून ठरावीक उंचीवर असेल आणि दृश्य कलते नसेल, तर पडद्यावरील एकाच आडव्या रेषेत दिसणारे जमिनीचे सर्व बिंदू सारख्याच खोलीवर असतात. म्हणून भागाकार प्रत्येक ठिपक्यासाठी न करता प्रत्येक रेषेसाठी एकदाच करावा लागतो. डोळ्याची उंची बदलत नसेल, तर ही उत्तरे आधीच काढून कोष्टकात ठेवता येतात.

येथे वापरलेले सूत्र दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोणांचे आहे. क्षितिजाखालील रेषेचा क्रमांक आणि तिच्यावरील बिंदूंचे अंतर यांचा गुणाकार स्थिर राहतो. डोळ्याची उंची १.५ मीटर आणि पडद्याचे कल्पित अंतर २०० पिक्सेल मानल्यास हा गुणाकार ३०० येतो. मग क्षितिजाखालील १०० वी रेषा ३ मीटरवरील जमीन दाखवते, ५० वी ६ मीटरवरील, १० वी ३० मीटरवरील आणि पहिली ३०० मीटरवरील. पहिल्या व दुसऱ्या रेषेच्या दरम्यान १५० मीटर रस्ता सामावतो, तर ९९ व्या व १०० व्या रेषेत जेमतेम ३ सेंटिमीटर. या खेळांत दूरचा धोका इतक्या उशिरा का दिसतो, याचे एक कारण या आकड्यांत आहे.

रस्त्याची रुंदीही याच नियमाने ठरते. ६ मीटर रुंद रस्ता ५० व्या रेषेवर २०० पिक्सेल, तर १० व्या रेषेवर ४० पिक्सेल भरतो. रस्त्यावर फिक्या व गडद रंगांचे पट्टे आळीपाळीने देऊन गाडीने कापलेल्या अंतरानुसार ते पुढे सरकवले की वेगाचा प्रत्यय येतो. त्या काळच्या चित्रनलिकेवर चित्र एकेका आडव्या रेषेने वरून खाली उमटत असल्याने प्रत्येक रेषेसाठी वेगळी आकडेवारी पुरवणे मंडलांनाही सोयीचे होते. १९८२ मध्ये नामको कंपनीच्या 'पोल पोझिशन' या खेळाने जपानमधील फुजी स्पीडवे हा खरा शर्यतमार्ग अशा दृश्यात आणला. त्यासाठी एक झेड-८० आणि दोन १६-बिट झेड-८००२ प्रोसेसर योजले होते.

वळण, चढ आणि त्यांची किंमत :
वळणाची युक्ती अधिक सूक्ष्म आहे. खालून वर जाताना प्रत्येक रेषेचा मध्य थोडा बाजूस सरकवायचा आणि हे सरकणे क्रमाक्रमाने वाढवत न्यायचे. रस्ता परवलयासारखा वाकलेला दिसतो. त्याच वेळी मागील डोंगरांचे चित्र विरुद्ध दिशेस सरकते आणि गाडी वेगाच्या प्रमाणात बाहेर ढकलली जाते. गाडी प्रत्यक्षात दिशा बदलत नाही. वाकते ते केवळ चित्र. त्यामुळे अशा खेळात गाडी मागे वळवून आल्या वाटेने जाणे शक्य नसते.

यू सुझुकी यांनी सेगा कंपनीसाठी घडवलेला 'आउट रन' (१९८६) हा या पद्धतीचा उत्कर्ष मानावा लागेल. रेषांमधील खोलीची वाटणी बदलून त्यात चढ-उतार दाखवले गेले. गाड्या व झाडे यांची सपाट चित्रे, म्हणजे स्प्राइट, अंतराच्या व्यस्त प्रमाणात लहानमोठी करणारे स्वतंत्र मंडल त्यात होते. रस्त्याचे दोन थर एकमेकांवर ठेवून फाटा दाखवण्याची सोय असल्याने खेळाडूला प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस डावा किंवा उजवा मार्ग निवडता येई. पाच टप्प्यांच्या प्रवासासाठी एकूण १५ भूप्रदेश रचलेले होते.

जे 'आउट रन'ला साधले नाही, ते १९९० मध्ये जपानात आलेल्या निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्राने साधले. त्याच्या 'मोड सेव्हन' या सुविधेत १०२४ × १०२४ पिक्सेलचा सपाट नकाशा फिरवता व लहानमोठा करता येई. ही प्रमाणे प्रत्येक आडव्या रेषेला बदलली की नकाशा जमिनीसारखा पसरलेला दिसे. 'एफ-झीरो' (१९९०) आणि 'सुपर मारिओ कार्ट' (१९९२) या खेळांत गाडी खरोखर कोणत्याही दिशेस वळू शकली. मात्र नकाशा सपाटच असल्याने त्या पद्धतीत जमिनीला चढ-उतार देता येत नव्हता. एका पद्धतीत चढ होते पण दिशा नव्हती. दुसरीत दिशा होती पण चढ नव्हते. पायाभूत सूत्र एकच असूनही कशाचा त्याग करायचा, याची निवड वेगळी होती.

बहुभुजांचे आगमन :
अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन' (१९८९) आणि सेगाच्या 'व्हर्च्युआ रेसिंग' (१९९२) या खेळांनी दृश्य बहुभुजांनी उभारले. पहिल्यात उभ्या वर्तुळाकार मार्गावरून गाडी नेता येई; दुसऱ्यात चार दृष्टिकोनांतून शर्यत पाहता येई. डोळा कलताच आडव्या रेषेवरील समान खोलीचे गृहीतक मोडते. म्हणून येथे प्रत्येक बिंदूचे स्थान स्वतंत्रपणे गणावे लागले. जुनी युक्ती तरीही लगेच नाहीशी झाली नाही. १९९३ च्या 'डूम' या प्रसिद्ध खेळातील जमीन व छत आडव्या पट्ट्यांनीच रंगवले जात होते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सपाट व सरळ रस्त्यापुरते या खेळांचे यथार्थदर्शन गणितीदृष्ट्या अचूक होते. छद्म होते ते वळण; तेथे भूमितीची जागा दृष्टिभ्रमाने घेतली. म्हणून या तंत्रांना सरसकट 'खोटी त्रिमिती' म्हणण्याऐवजी 'मर्यादित गृहीतकांखालील त्रिमिती' म्हणणे अधिक उचित ठरेल. विज्ञानातही घर्षणरहित पृष्ठभाग किंवा आदर्श वायू अशी गृहीतके धरूनच अवघड प्रश्न आटोक्यात आणले जातात. गृहीतक केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा मोडते, हे वर्गात पटवून देणे सोपे नसते. समरूप त्रिकोण, व्यस्त प्रमाण आणि परवलय यांचा एकत्रित वापर दाखवणारे हे उदाहरण त्या कामी गणित, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरू शकते. त्यासाठी जुने यंत्रही लागत नाही. आलेख-कागद, पट्टी आणि ३०० हा एक आकडा पुरेसा आहे.