संगणकांतला डोंगर

पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत सूर्यमाळच्या उतारांवरून पावसाळ्यांत पाणी धो धो वाहतें, आणि उन्हाळ्यांत त्याच मुलुखांतील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. अशा ठिकाणीं बांध कोठें घालावा, रस्त्याखालील मोरी केवढी असावी, याचें गणित आतां संगणक करतो. पण त्यास डोंगर दिसत नाहीं. उंचीचे आंकडे पुरवावे लागतात.

आंकडे मिळणें अवघड नाहीं. फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानांतील रडारनें ११ दिवसांत पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के जमिनीची उंची टिपली. श्रोत्यांनीं असें समजावें कीं, डोंगरावर ३० मीटरांच्या चौकटींचें जाळें अंथरलें असून प्रत्येक चौकटीस एकच उंची लिहिली आहे. चार मीटर रुंदीचा ओहोळ त्यांत हरवलाच! शिवाय दाट रानांत रडारची लहर जमिनीपर्यंत पुरती पोंचत नाहीं. झाडी हीच टेकडी ठरते. मग गणितांतलें पाणी भलतीकडे वळतें, मोरी कोरड्या जागीं बसते आणि रस्ता दुसरीकडेच वाहून जातो.

आंकडे भरतांना अंश व मीटर यांची गल्लत झाली, तर सपाट माळहि कडा बनतो. ही चूक निदान लगेच दिसते. हरवलेला ओहोळ दिसत नाहीं. त्यासाठीं त्याच्या तळानें चालत जाऊन मोजलेल्या उंचीची रेघ संगणकास द्यावी लागते. संगणक बिंदू जोडून त्रिकोणांचा पृष्ठभाग रचतो. ही रेघ ओलांडून एकहि त्रिकोण जाऊं नये, अशी त्यास ताकीद असते. भर पावसांत ओहोळ कोणत्या वाटेनें फुटतो, हें मात्र पाड्यावरील म्हाताऱ्यांनाच विचारावें लागतें.