खडखडतंय म्हणून चेनकव्हर काढू नका, आधी चेन मोजा



मागच्या महिन्यात सूर्यमाळकडच्या एका गटाची बैठक उशिरा सुरू झाली. अध्यक्ष ताई वाटेतच अडकल्या होत्या. भावाच्या गाडीवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या आणि पदराचं टोक चेनमध्ये गेलं. चढ होता, गाडी हळू होती, भावाने लगेच ब्रेक मारला, म्हणून नुसता पदर फाटला. गळ्याभोवती ओढणी असती तर काय झालं असतं, हे बैठकीत कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मी गाडी पाहिली. चेनकव्हर नव्हतंच. "खूप वाजायचं, म्हणून काढून टाकलं," भाऊ म्हणाला. चेन हलवून बघितली तर चांगली दोन इंच खालीवर होत होती. म्हणजे आवाज करत होती ढिली चेन, आणि शिक्षा झाली कव्हरला!

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना चेन डाव्या बाजूला असते आणि आपणही पाय सोडून बसतो ते डावीकडेच. म्हणून हा विषय गाडी चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणारीचा जास्त आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साडीगार्ड लागतंच. पण साडीगार्ड चाकासाठी. चेन झाकतं ते चेनकव्हर. दोन्ही हवीत. (स्कुटीवाल्या ताईंना सुट्टी. तिला अशी उघडी चेन नसते, आत पट्टा असतो.)

चेन ढिली होते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना झिजतात. प्रत्येक कडीत थोडी थोडी झीज, आणि सगळी मिळून चेन लांब होते. जव्हार-मोखाड्याचा पाऊस, लाल चिखल, घाट आणि गाडीवर दोघांसोबत भाताचं पोतं, मग झीज लवकर होणारच. फार ढिली चेन चढावर दातांवरून उडते किंवा उतरते. उतरलेली चेन मागचं चाक जाम करू शकते.

मोजायला मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि किल्ली काढून आपल्या कमरेला खोचा. इंजिन चालू ठेवून चेनला हात किंवा फडका लावायचा नाही, कोणी कितीही सवयीचा असला तरी. बोटं अशीच जातात.

आता पुढची लहान चक्री आणि मागची मोठी चक्री यांच्या बरोबर मध्ये, चेनच्या खालच्या पदराशी पट्टी उभी धरा. पूर्ण बंद कव्हर असेल तर त्याला बहुतेक खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढलं की चेन दिसते. चेन खाली ओढून आकडा बघा, मग वर ढकलून बघा. खाली ४ सेंमी आणि वर साडेसहा, तर ढील २५ मिमी. चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी ढील जिथे येईल तो आकडा धरा. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी ढील चालते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा.

"मग एकदम ताठच करू, परत ढिली होणार नाही," असं बरेच भाऊ म्हणतात. तसं नको. गाडीवर वजन बसलं की चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर बेअरिंग जातं, चेन तुटूही शकते.

ढील कमी करायची तर मागच्या चाकाचा मोठा नट सैल करायचा, काढायचा नाही. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही. मग दोन्ही बाजूंचे चेन ताणायचे छोटे नट सारखेच फिरवायचे, अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे. दोन्हीकडे खुणा असतात. त्या जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं. परत मोजायचं, मग मोठा नट पूर्ण जोराने आवळायचा. मी हे करते तेव्हा लांब पाना लागतो. नट नीट आवळला जाईल याची खात्री नसेल तर मोजणी घरी करा आणि ताणण्याचं काम गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्या. आकडा माहीत असला की "चेन बदलावी लागेल" यावर प्रश्न विचारता येतो. ताणायची जागा संपली असेल किंवा चक्रीचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर मात्र बदला, आणि चेनबरोबर दोन्ही चक्र्याही.

एक गोष्ट गॅरेजवालेही कधी विसरतात. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक लागून राहतो. म्हणून शेवटी चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. मग ब्रेक दाबून बघा.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला मी पट्टी आणि पाना घेऊन येते. गाडीवर येणार असाल तर अर्धा तास आधी या. काढून ठेवलेलं चेनकव्हर घरात कुठे पडलं असेल तर तेही घेऊन या.