चीज भात: गोळे न होता, मऊ आणि मलईदार

(या भागात बोललो तेच इथे लिहून दिलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि करताना फोन ओट्यावर ठेवून बघता येईल म्हणून प्रमाण वेगळं काढलंय.)

आजचा विषय एकदम सोपा वाटणारा आहे. भात आणि चीज. आता तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? गरम भातावर चीज किसलं की झालं! पण ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं माहीत आहे. एका घासात चीजचा रबरासारखा गोळा येतो, दुसऱ्या घासात नुसताच कोरडा भात, आणि ताटलीत कडेला तेल सुटलेलं. चीज काही स्वस्त नाही. महिन्याच्या पैशांचा हिशोब लावून आणलेलं पाकीट असं वाया गेलं की जीव जळतो. म्हणून आज फक्त कृती सांगून थांबणार नाही. काय केल्यावर काय होतं आणि का होतं, तेही बघू. एकदा ते कळलं की कृती पाठ करायची गरज उरत नाही.

पहिली गोष्ट: तांदूळ कोणता?

आपल्याकडे लहान मुलांना किंवा आजारी माणसाला गुरगुट्या भात देतात. मऊ, आसट, वरून तूप-मीठ. चीज भात म्हणजे त्याचाच चुलतभाऊ समजा. त्यामुळे तांदूळही तसाच हवा, शिजल्यावर चिकटणारा.

तांदळात मुख्यतः स्टार्च असतं, आणि स्टार्चचे दोन प्रकार असतात: अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो. बासमतीचं दाणान्-दाणा वेगळं दिसणं हे त्याचंच काम. अमायलोज कमी असेल तर भात चिकट आणि मऊ होतो. इटलीत, मिलानच्या बाजूला, रिसोट्टो नावाचा जो प्रकार करतात, त्याला आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ वापरतात तो याचसाठी. शिजताना त्यातून स्टार्च बाहेर येतं आणि पाण्याचाच दाटसर सॉस तयार होतो.

पण आर्बोरिओ शोधत महागड्या दुकानात जायची काही गरज नाही. मावळातला आपला इंद्रायणी आहे ना! वासाला छान आणि शिजल्यावर मस्त चिकट. आंबेमोहोरही चालेल. कोलम जरा मोकळा होतो, पण पाणी वाढवलं की जमून जातं. बासमती मात्र बिर्याणीसाठी ठेवा.

आणि तांदूळ एकदाच धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-चार वेळा धुतलात तर दाण्याच्या बाहेरचं स्टार्च मोरीत जातं. पुलावासाठी ते बरोबर आहे, इथे नाही. इथे तेच स्टार्च आपल्याला हवंय.

दुसरी गोष्ट: चीजचे गोळे का होतात?

चीज म्हणजे काय, तर दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाची जाळी आणि त्या जाळीत अडकलेलं फॅट आणि पाणी. गरम केलं की जाळी सैल होते, चीज वितळतं. पण खूप जास्त गरम केलं की जाळी आकसते, पाणी आणि फॅट बाहेर पिळून निघतं. उरतो तो रबरी गोळा, आणि कडेला सुटलेलं तेल. चेडरसारख्या नैसर्गिक चीजमध्ये हे पटकन होतं. मोझरेला तर ताणला जाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पिझ्झावर ते छान दिसतं, पण भातात नुसता मोझरेला घातला की सगळे धागे चमच्याला गुंडाळून बसतात.

क्यूब किंवा स्लाइसमध्ये मिळतं ते प्रोसेस्ड चीज. हे १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रित्झ श्टेटलर यांनी पहिल्यांदा तयार केलं. नंतर १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी त्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. यातली युक्ती म्हणजे चीज वितळवताना घातलेले खास क्षार. तुमच्या पाकिटावर इमल्सिफायरसमोर ३३१ किंवा ३३९ असे आकडे दिसतील, ते हेच: सायट्रेट आणि फॉस्फेट. ते केसिनला बांधून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतात. मग प्रथिन सुटं होऊन फॅट आणि पाणी दोघांनाही धरून ठेवतं. म्हणून प्रोसेस्ड चीज सहसा फुटत नाही, मलईसारखं वितळतं. खाण्यातले जाणकार त्याला नाकं मुरडतात, पण या भातासाठी ते फार कामाचं आहे.

माझा हिशोब असा: दोन भाग प्रोसेस्ड चीज, एक भाग मोझरेला. पहिल्याने मलईदारपणा येतो, दुसऱ्याने थोडी तार. मोझरेला नसेल तर नुसत्या क्यूबवरही छान होतो. आणि पाकीट घेताना घटक वाचा. सुरुवातीलाच दुधाऐवजी वनस्पती तेल दिसलं, तर ते चीज नाही, चीजसारखं काहीतरी आहे.

प्रमाण (साइड डिश म्हणून तिघा-चौघांना)

- इंद्रायणी तांदूळ १ वाटी (सुमारे १५० ग्रॅम)
- गरम पाणी साडेतीन वाट्या
- कोमट दूध अर्धी वाटी
- चीज क्यूब २, किसून
- किसलेला मोझरेला २ मोठे चमचे (नसेल तर आणखी १ क्यूब)
- बटर १ मोठा चमचा
- कांदा १ छोटा, बारीक चिरून
- लसूण ४ पाकळ्या, ठेचून
- मिरपूड, आणि शेवटी लागलं तर मीठ

कृती

१. जाड बुडाच्या भांड्यात बटर घाला. कांदा मऊ होईपर्यंत परता, लाल करायचा नाही. मग लसूण घाला, अर्धा मिनिट.

२. निथळलेले तांदूळ घालून दोन मिनिटं हलक्या हाताने परता.

३. तीन वाट्या गरम पाणी घाला. उकळी आली की आच मंद करा, झाकण अर्धवट ठेवा. मधूनमधून तळापासून ढवळा. ढवळल्यामुळे दाणे एकमेकांवर घासतात आणि स्टार्च सुटतं. साधारण १५ ते १८ मिनिटं लागतील. पाणी आटलं आणि दाणा कच्चा वाटला तर उरलेलं पाणी घाला.

४. दाणा बोटांत सहज मोडला की दूध घाला, एक मिनिट ढवळा. भात या वेळी थोडा पातळच दिसायला हवा.

५. आता सगळ्यात महत्त्वाचं: गॅस बंद करा. इंडक्शन असेल तर भांडं खाली उतरवा. एक मिनिट थांबा. मग चीज तीन वेळा विभागून घाला. पहिलं विरघळलं की दुसरं.

६. मिरपूड घाला, चव बघा, मग मीठ. चीज आणि बटर दोन्ही खारट असतात, म्हणून मीठ आधी घालायचं नाही. झाकण ठेवून दोन मिनिटं थांबा आणि वाढा.

रिसोट्टोतही शेवटी असंच करतात. आचेवरून उतरवून थंड बटर आणि चीज जोरात घोटतात. त्या पायरीला मान्तेकातुरा म्हणतात. कारण तेच. भात तेवढा गरम असतोच की चीज वितळेल, आणि सुटलेलं स्टार्च चीजच्या कणांमध्ये येऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही.

ताटलीत घातल्यावर भात हळूहळू पसरला पाहिजे. ढीग उभा राहिला तर दोन चमचे गरम दूध घालून सैल करा. गार होताना तो आणखी घट्ट होतो, हे लक्षात ठेवा.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*कालचा भात वापरला तर?* चालेल. फ्रिजमधला भात कडक होतो, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बसतं. म्हणून आधी पाण्याचा हबका मारून वाफ काढा. मग अर्धी वाटी दुधात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घाला, दाटसर झालं की गॅस बंद, आणि मग चीज.

*टोमॅटो घालू का?* दुधाबरोबर नको, आंबटपणाने दूध फाटतं. त्यापेक्षा सोबत गरमागरम टोमॅटोचं सार करा. मलईदार भाताला ती आंबट-तिखट चव फार छान लागते. परतलेल्या भाज्या, मश्रूम, चिकन, काहीही सोबत जातं.

*उरला तर?* हे नीट ऐका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यांची वाढ होते आणि विष तयार होतं. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे "रात्रीचा ओट्यावरचा भात सकाळी चांगला गरम केला, आता काही होत नाही" हे खरं नाही. उरलेला भात पसरट डब्यात काढून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. खोलीवर फ्रिज नसेल तर अर्ध्या वाटीचाच करा. वास आणि चव ठीक वाटते म्हणून भरवसा ठेवू नका.

चला, आजच्यापुरतं एवढंच. घाईत असाल तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा: तांदूळ चिकट घ्या, आणि चीज गॅस बंद केल्यावर घाला. करून बघा, आणि पहिल्या खेपेला कसा झाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!