चिंध्यांतून ऊब : शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी सुट्टीतील श्रमदान

दिवाळीची सुट्टी लागली, की घरोघरी साफसफाई होते आणि पेट्या-कपाटांतील जुने कपडे बाहेर निघतात. काही बोहारणीकडे जातात, काही पोतेऱ्याला लागतात, उरलेले उकिरड्यावर पडतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर त्याच सुमारास वेगळीच लगबग असते. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते आणि कातकरी व अन्य भूमिहीन कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या व मुले बरोबर घेऊन वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. पुढील पाच-सहा महिने त्यांचा संसार भट्टीशेजारच्या खोपीत असतो. ऐन थंडीचे दिवसही त्यांत येतात.

एकीकडे टाकून दिले जाणारे कापड आणि दुसरीकडे पांघरुणावाचून काढलेल्या रात्री, या दोहोंना जोडणारी वस्तू आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती म्हणजे गोधडी. सुट्टीच्या काळात शाळा, बचत गट व ग्रामपंचायत यांनी मिळून गरजू कुटुंबांसाठी गोधड्या शिवण्याचे काम कसे हाती घ्यावे, त्यात कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या दिवसांत करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रदेश आणि गरज

शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. वारली, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या जमातींची वस्ती येथे मोठी आहे. त्यांपैकी कातकरी जमातीची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. मुंबई महानगराला पाणी पुरविणारा, १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव आणि त्यानंतरचे भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहेत. महानगराची तहान भागविणाऱ्या या भागाचे ऋण महानगराच्या कपाटांतील वापरात नसलेल्या कापडाने अंशतः तरी फेडता येईल.

समुद्रकिनाऱ्यावरील शहरांत राहणाऱ्यांना येथील थंडीची सहसा कल्पना येत नाही. समुद्राच्या सान्निध्याने किनाऱ्यावरील हवा रात्रीही फारशी गार होत नाही. माहुलीच्या रांगेपासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या भागात मात्र निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटे गारठा वाढतो. वीटभट्टीवर विटा थापण्याचे काम याच वेळी, मध्यरात्र उलटल्यावर सुरू होते. आईबाप कामावर जातात आणि मुले खोपीत जमिनीवर निजलेली असतात. वृद्ध, आजारी माणसे, बाळंतीण व तान्हे मूल यांच्या दृष्टीने हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. नवजात बालकाचे शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. कमी वजनाचे बालक गारठले, तर त्याच्या जिवालाच धोका संभवतो.

गोधडीची परंपरा

गोधडी, वाकळ अशा नावांनी ओळखले जाणारे हे पांघरूण महाराष्ट्राच्या सर्व भागांत आढळते. जुने लुगडे, विरलेले धोतर, फाटका सदरा यांचे थर एकावर एक रचून ते धावदोऱ्याने शिवले, की गोधडी होते. कापड टाकून न देण्याची काटकसर तिच्या मुळाशी आहे, तशीच आजीच्या लुगड्याची ऊब नातवंडांना मिळावी ही भावनाही आहे. चिंध्यांची गोधडी अंगावर वागविणाऱ्या संत गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हे त्यांच्या दशसूत्री संदेशातील एक सूत्र होते, याची येथे आठवण होते.

भारतीय उपखंडाच्या इतर प्रांतांतही ही कला नांदते. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान व सिंधमध्ये रल्ली आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजात कवंदी ही तिचीच भावंडे होत. परक्यांसाठी गोधड्या शिवण्याची उदाहरणेही जगात आहेत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील स्त्रियांनी कापडाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवून रेडक्रॉसमार्फत ब्रिटनमधील बेघर कुटुंबांकडे धाडल्या. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९६६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था स्थापून या कलेला उपजीविकेचे साधन बनविले. आपल्या देशात १९९९ साली स्थापन झालेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतील वापरलेले कापड ग्रामीण भागात पोहोचविते व त्यातील तुकड्यांच्या सुजन्या शिवून घेते. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध यांसारखे सार्वजनिक काम करावे व त्याच्या मोबदल्यात कापड घ्यावे, अशी तिची पद्धत आहे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली रमोन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. दान घेणाऱ्याचा मान राखण्याचा हा मार्ग आपल्याकडेही विचारात घेण्याजोगा आहे.

कापड कोठून मिळवावे

या बाबतीत शहापूर-मुरबाडची स्थिती अनुकूल आहे. कल्याण, उल्हासनगर व भिवंडी ही शहरे जवळ आहेत. भिवंडी यंत्रमागांसाठी, तर उल्हासनगर तयार कपड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. कारखान्यांत कापड बेतताना उरणारे कातरण गोधडीच्या आतल्या थरांसाठी चांगले उपयोगी पडते. घरोघरी जमा होणाऱ्या साड्या, चादरी व सदरे हा दुसरा स्रोत होय.

कापड निवडताना एक नियम कटाक्षाने पाळावा. गोधडीची वरची व खालची बाजू शुद्ध सुती कापडाचीच असावी. पाड्यावर किंवा भट्टीवर माणसे चुलीजवळ, शेकोटीजवळ निजतात. कृत्रिम धाग्याच्या कापडावर ठिणगी पडली, तर ते वितळून कातडीला चिकटते आणि भाजण्याची जखम खोल होते. नायलॉन किंवा जॉर्जेटची साडी कितीही सुंदर दिसली, तरी ती या कामासाठी वर्ज्य समजावी.

जमा झालेले सर्व कापड प्रथम गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर राहिल्यास बहुधा तीन दिवसांत मरतात. म्हणून कापड धुतल्यानंतरही काही दिवस वेगळे बांधून ठेवणे हिताचे असते. बटणे, चेन, हूक काढून टाकावेत. हाताने ताणताच फाटणारे कापड घेऊ नये. जे आपण आपल्या मुलाला पांघरणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलासाठी शिवू नये.

शिवण्याची रीत

मोठ्या माणसासाठी सुमारे पाच फूट रुंद व सात फूट लांब गोधडी पुरेशी होते. नऊवारी लुगडे साधारणतः आठ मीटर लांब व एक मीटरपेक्षा थोडे अधिक रुंद असते. त्यात अशा गोधडीचे अडीच ते तीन थर निघतात. सारवलेल्या अंगणात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात खालचे कापड सुरकुती न राहू देता अंथरावे आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर आतले तुकडे एकमेकांवर थोडे चढतील असे लावावेत. तुकड्यांमध्ये फट राहिली, तर तेथून थंडी शिरते आणि तुकड्यांचा ढीग झाला, तर तेथे गाठ होऊन अंगाला टोचते. शेवटी वरचे कापड घालून सर्व थर लांब कच्च्या टाक्यांनी जखडून घ्यावेत.

त्यानंतर धावदोरा घालावा. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे सरकावे, म्हणजे कापड सारखे बसते. दोन ओळींत सुमारे एक इंच अंतर ठेवले, तर एका गोधडीला सव्वाशे मीटर धावदोरा घालावा लागतो. हे काम एकटीने करू गेल्यास कित्येक दिवस लागतात. चार बाजूंनी चौघी बसल्या, तर ते हसतखेळत होते. कडांना साडीचे काठ लावले, की झिजणारी बाजू मजबूत होते.

गोधडी ऊब निर्माण करीत नाही. शरीराची ऊब तिच्या थरांत अडकलेली हवा धरून ठेवते. धावदोऱ्यामुळे थर सरकत नाहीत आणि हवेचे हे कप्पे टिकतात. म्हणूनच एका जाड सतरंजीपेक्षा चार पातळ थरांची गोधडी अधिक उपयोगी ठरते. भिजलेल्या सुती गोधडीत मात्र हवेची जागा पाणी घेते व ऊब जाते. तेव्हा ती कोरडी ठेवणे अत्यावश्यक आहे.

अंथरायची आणि पांघरायची

गोधड्या वाटताना सामान्यतः पांघरुणाचाच विचार होतो. परंतु जमिनीवर निजणाऱ्या माणसाच्या शरीरातील उष्णता गार जमीनही शोषून घेते. वर कितीही पांघरले, तरी पाठ गारच राहते. म्हणून प्रत्येक कुटुंबास दोन प्रकारच्या गोधड्या मिळाव्यात. जाड्याभरड्या कापडाची, आत जीन्सचे तुकडे घातलेली घट्ट गोधडी अंथरण्यासाठी आणि मऊ, हलकी गोधडी पांघरण्यासाठी. आश्रमशाळेतील लहान मुलांची गोधडी तीन थरांहून जाड नसावी. जड गोधडी मुलांना स्वतः धुता येत नाही आणि ती लवकर वाळतही नाही.

तान्ह्या बाळासाठी जड गोधडी शिवू नये. तोंडावर आल्यास ती बाळाला दूर सारता येत नाही. अनेकदा धुतलेल्या मऊ सुती कापडाचे दुपटे द्यावे आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणे ही सर्वांत चांगली ऊब आहे, हेही सांगावे.

वेळेचा प्रश्न

अशा उपक्रमांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वेळेकडे. गरम कपडे व ब्लँकेटे यांचे वाटप पुष्कळदा थंडी पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत होते. त्या वेळी पाड्यावर जावे, तर निम्म्या झोपड्यांना ताट्या लावलेल्या आढळतात. ज्यांना पांघरुणाची सर्वांत अधिक गरज, ती कुटुंबे केव्हाच भट्टीवर गेलेली असतात. वाटप होते, आकडेही जुळतात. परंतु वस्तू योग्य माणसाच्या हाती पडत नाही.

यावर उपाय दोन आहेत. पहिला असा, की गोधडी दिवाळीपूर्वी तयार असावी. आपली जुनी रीतही याला पोषक आहे. शेतीची कामे नसलेल्या उन्हाळ्यात, कोरड्या हवेत गोधड्या शिवाव्यात आणि नवरात्रापूर्वी धुऊन वाळवाव्यात, असा ग्रामीण घरांतील परिपाठ आहे. त्यानुसार मे महिन्याच्या सुट्टीत कापड जमवून शिवण्यास आरंभ करावा, पावसाळ्यात गोधड्या कोरड्या जागी टांगून ठेवाव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीच्या प्रारंभी, कुटुंबे निघण्यापूर्वी त्या पोहोचवाव्यात. दुसरा उपाय असा, की जे राहिले असतील त्यांच्यासाठी नाताळच्या सुट्टीत थेट भट्टीवर जावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या महाविद्यालयीन पथकांची सात दिवसांची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यातच होतात. त्यांना हे काम सोपविता येईल.

कोणी काय करावे

शिक्षकांकडे स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद असते, कारण अशा मुलांना शिक्षण हमी पत्र द्यावयाचे असते. याच नोंदीवरून कुटुंबांची यादी सहज तयार होईल. अंगणवाडी सेविकेने गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांची नावे त्यात घालावीत आणि पाड्याच्या ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवावी. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुला-मुलींनी तुकडे निवडणे, कापणे व धावदोरा घालणे शिकावे. सुई धरणे हे केवळ मुलींचे काम, ही समजूत येथेच मोडता येईल.

शिवण्याचे मुख्य काम बचत गटांकडे द्यावे. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) व २०११ पासून कार्यरत असलेले ‘उमेद’ अभियान यांच्या प्रयत्नांनी गावोगावी गट उभे राहिले आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. त्यातून शिवणप्रशिक्षण, सुया-दोरे यांची तरतूद ग्रामसभेच्या संमतीने होऊ शकेल. पाड्यावरील स्त्रियांनाही शिवणाऱ्यांत सामावून घ्यावे व त्यांच्या श्रमाचा मोबदला द्यावा. असे झाले, तर मिळालेली गोधडी भीक वाटणार नाही, हक्काची वाटेल.

वाटपासाठी मंडप, हारतुरे व छायाचित्रे यांची आवश्यकता नाही. शेजारणीने शेजारणीला द्यावी, तशी गोधडी घरी नेऊन द्यावी आणि ती धुण्या-वाळविण्याविषयी दोन शब्द बोलावे. पुढील वर्षी त्याच घरी जाऊन ती कितपत टिकली, कोठे उसवली, हे विचारावे. शिवणाऱ्या हातांना त्यातून पुष्कळ शिकता येईल.

गोधडीने स्थलांतर थांबणार नाही. त्यासाठी गावातच रोजगार, जमीन व पाणी यांची सोय व्हावी लागेल आणि ते काम मोठे आहे. परंतु ते पूर्ण होईपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात मुले भट्टीशेजारी निजणारच आहेत. त्यांच्या अंगाखाली एक आणि अंगावर एक गोधडी असावी, एवढे तरी गावाला आपल्या सुट्टीतील काही दिवस देऊन निश्चित साधता येईल.