विषकन्येला नाव मिळते तेव्हा

पुस्तक माझे नव्हे, भाचीचे. दिवाळीच्या सुटीत ती आली, चार दिवस कोपऱ्यात बसून वाचत राहिली आणि जाताना ते माझ्या उशाशी ठेवून गेली. ‘‘मावशी, वाच. पण पहिल्याच प्रकरणात टाकून देऊ नकोस.’’

रॉबिन लाफीव्हर्स या अमेरिकन लेखिकेची ‘ग्रेव्ह मर्सी’ ही २०१२ सालची कादंबरी. पहिल्या प्रकरणात लग्न आहे. ब्रिटनीतल्या एका शेतकऱ्याची सतरा वर्षांची मुलगी इस्मे. ती पोटात असताना आईने गर्भ पाडण्यासाठी विष घेतले होते. पोर जगले, पाठीवर डाग राहिला. गाव म्हणू लागले, ही मृत्यूची लेक. बाप तिला एका रांगड्या माणसाच्या गळ्यात बांधतो. तो डाग पाहताच नवरा तिला झोडपून तळघरात कोंडतो. भाची म्हणाली होती तशी मी थांबलेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडले.

इस्मे सुटते आणि एका बेटावरच्या मठात पोचते. तिथल्या जोगिणी मृत्युदेवाच्या सेविका. त्या विषांची पारख शिकवतात, खंजीर चालवायला शिकवतात आणि दरबारात कसे वावरावे हेही. ज्याचा काळ आला आहे त्याच्या अंगावर इस्मेला एक खूण दिसते. खूण दिसली की मारायचे.

आपल्याला विषकन्या नवी नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. पर्वतक मरतो, राजकारण पुढे सरकते. त्या मुलीचे काय झाले? नाटकात तिला नावसुद्धा नाही. अमात्य राक्षसाच्या हातातली ती एक कुपी, एवढेच. इस्मेला मात्र नाव आहे, राग आहे आणि पुढे पुढे शंकाही. खूण दिसली म्हणजे मारण्याची आज्ञाच झाली का? की मरण येणार एवढेच ती सांगते, आणि आज्ञा मठाची असते? हा प्रश्न तिला पडतो तिथून कादंबरी खरी पकड घेते. (त्याआधीचे प्रेमप्रकरण मला जरा लांबलेले वाटले. भाचीला अजिबात नाही.) विषाच्या बाबतीत तर गंमतच आहे. विषकन्येचा देह विष देतो. इस्मेचा देह दुसऱ्याच्या अंगातले विष ओढून घेतो.

मठ आणि देव काल्पनिक, पण इस्मेला जिच्यासाठी पाठवतात ती ॲन खरी. १४८८ च्या जुलैत ब्रिटनीच्या सैन्याचा फ्रान्सने पराभव केला, सप्टेंबरात ॲनचे वडील वारले आणि अकराव्या वर्षी ती डचेस झाली. चौथ्या वर्षीच तिचा वाङ्‌निश्चय इंग्लंडच्या युवराजाशी झाला होता; तो मुलगा पुढे लंडनच्या टॉवरमध्ये नाहीसा झाला. तिच्यावर हक्क सांगणारा आलँ दाल्ब्रे तेव्हा पन्नाशीच्या घरात होता. ती बधत नाही असे दिसल्यावर १४९१ मध्ये त्याने नाँतचा किल्ला फ्रेंचांच्या हवाली केला. मॅक्सिमिलियनशी तिचे लग्न झाले तेही प्रतिनिधीमार्फत. नवरा मदतीला पोचलाच नाही. रेनला वेढा पडला आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी, चौदाव्या वर्षी, ज्याच्याशी लढली त्याच आठव्या चार्ल्सशी तिने लग्न केले. करारात एक कलम होते : राजा मुलगा नसताना मेला, तर तिने पुढच्या राजाशी लग्न करायचे. १४९८ मध्ये चार्ल्स दाराच्या चौकटीवर डोके आपटून मेला आणि १४९९ मध्ये हे कलमही पाळले गेले.

हे ठाऊक असल्याने वाचताना जीव खालीवर होतो. इस्मेने कितीही जणांना टिपले, तरी ॲनची सुटका नाही.

फोनवर मी भाचीला म्हटले, ‘‘बापाने विकलं, मठाने शस्त्र केलं. फरक काय?’’

ती क्षणभर गप्प झाली. ‘‘मठात तिला विचारलं तरी, मावशी. येशील का, म्हणून.’’

मी म्हटले, मारझोडीतून उठून आलेली पोर नाही कशी म्हणेल? त्यावर आमचे चांगलेच वाजले. तिची आई मध्ये पडली, तेव्हा फोन संपला. दुसरा भाग तिने कालच पोस्टाने पाठवला आहे, आत चिठ्ठी नाही.